बांगड्याची बदनामी

‘पापलेट नाहीये? मग राहू दे.’ डिसेंबरात मालवण-तारकर्लीच्या खाणावळींत हे वाक्य हटकून ऐकू येतं. पुण्या-मुंबईचं कुटुंब पापलेट थाळी विचारतं, ती संपलेली असेल तर सुरमईवर येतं, आणि सुरमईही नसेल तर चक्क चिकन मागवतं. सकाळी रापणीत आलेला बांगडा आत मीठ-हळद लावून तयार असतो, पण त्याचं नाव कोणी काढत नाही. कारण समजूत पक्की आहे: महाग तो मासा चांगला. बांगडा-तारली परवडत नाही त्यांनी खायची. ती वास मारते, काटेरी असते आणि वर पित्त करते.

एवढ्या एका समजुतीत इतक्या चुका आहेत की सुरुवात भावापासूनच करावी लागते.

मासळीचा भाव चवीवर नाही, आवक आणि मागणीवर ठरतो. बांगडा आणि तारली थव्याने फिरतात. थवा जाळ्यात आला की होडी भरते. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीत देशात सर्वाधिक मिळणाऱ्या माशांमध्ये हे दोघे वर्षानुवर्षं दिसतात. तारली मधूनच काही वर्षं दगा देते, तेवढंच. मलबार किनाऱ्यावर एके काळी ती इतकी यायची की तेल काढून उरलेला चोथा नारळाच्या बागांना खत म्हणून घालत. पापलेटाचं उलट आहे. त्याला निर्यातीची आणि हॉटेलांची मागणी, आणि आवक मात्र घटत गेलेली. २०२३ मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटाला राज्यमासा केलं ते त्याचं संवर्धन व्हावं म्हणून. चवीच्या स्पर्धेत त्याचा पहिला नंबर आला, असा त्या घोषणेचा अर्थ कोणी घेऊ नये.

आणि खानदानच बघायचं तर सुरमई आणि बांगडा एकाच कुळातले आहेत. कुपाही त्याच घरचा. सुरमईचा तुकडा मिटक्या मारत खायचा आणि बांगड्याला नाक मुरडायचं, यात तर्क शोधू नये.

नाकावरून आठवलं, वासाचं. समुद्री माशांच्या अंगात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. त्याला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात आणि मग तो ओळखीचा वास सुटतो. पापलेटातही हेच होतं. बांगडा आणि तारलीत भर पडते ती चरबीची: ती हवा लागून लवकर खवट होते, म्हणून हे मासे लवकर खावे लागतात. ताज्या बांगड्याला समुद्राचा वास येतो. नाक मुरडायला लावणारा वास शिळेपणाचा असतो. शहरात वर्षानुवर्षं दोन दिवसांचा बांगडा खाल्लेल्या माणसाने ‘बांगडा मला आवडत नाही’ म्हणणं यात त्याची चूक नाही, पण त्यावरून त्याने जातीवर निकाल देऊ नये. आमटीत सोलं घालतात त्याचंही कारण इथेच आहे. आंबट त्या अमाइनला बांधून ठेवतं, मग ते उडून नाकापर्यंत पोचत नाही.

चवीचा फरक मात्र खरा आहे. बांगडा अखंड पोहणारा मासा. त्यासाठी लागणारे लाल स्नायू त्याच्या अंगात भरपूर असतात, म्हणून मांस गडद आणि चव ठसठशीत. तिरफळ घातलेलं तिखलं बांगड्याचं करावं. तिरफळाच्या झणक्यापुढे पापलेट टिकत नाही. पापलेटाचं मांस पांढरं, मऊ, सौम्य. रवा लावून तव्यावर भाजलेलं ताजं पापलेट उत्तमच लागतं, याबद्दल वाद नाही. पण ‘मासा खाल्ल्यासारखं वाटतच नाही’ असं जे त्याचं कौतुक होतं, ते माशाचं की मसाल्याचं? सुरमई घट्ट मांसाची, तिचा तुकडा तव्यावर जरा जास्त राहिला की कोरडा पडतो. आणि पावसाळा संपल्यावर, चरबी धरलेली तारली नुसत्या मीठ-मिरचीवर भाजली तरी पुरते. तीच तारली चरबी नसलेल्या महिन्यांत खाऊन नावं ठेवणारेही आहेत.

आता पित्त. हा गैरसमज सर्वात चिवट, कारण त्यात अनुभव खरा आहे आणि निदान चुकीचं. बांगडा खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणं, अंगावर गांधी उठणं, डोकं ठणकणं हे प्रकार होतात. बांगडा, कुपा, सुरमई, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल जास्त असतं. मासा बर्फाविना तापत पडला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि अंगावर उठतं ते त्या हिस्टामिनमुळे. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून किंवा नंतर फ्रीजमध्ये ठेवून जात नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात अशा माशांसाठी त्याची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम ठरवलेली आहे. म्हणजे दोष ‘उष्ण’ बांगड्याचा नसून वाटेत न घातलेल्या बर्फाचा आहे. सुरमई अशीच तापत ठेवली तर तीही हाच प्रसाद देईल. माशांची खरी ॲलर्जी ही वेगळी गोष्ट. ती ताज्या माशानेही होते, आणि तिथे डॉक्टरचंच ऐकावं.

काट्यांबद्दल थोडक्यात. बांगड्याचा मधला काटा उचलला की बराचसा मासा मोकळा होतो. काट्यांची खरी परीक्षा करली घेते, आणि तिचे चाहते ती तरीही शोधत फिरतात.

पोषणात तरी पापलेट पुढे असेल? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. प्रथिनांच्या बाबतीत पापलेट आणि बांगडा यांच्यात डोळ्यांत भरावा असा फरक नाही, आणि ओमेगा-३ साठी तारलीचं नाव घेतलं जातं ते उगीच नाही. मात्र बांगड्याचे नवे भक्त दुसऱ्या टोकाला जातात, त्यांनाही टोकायला हवं. मोबाइलवर फिरणारे ‘मॅकरेल’चे ओमेगा-३ चे आकडे बहुधा अटलांटिकातल्या थंड पाण्याच्या मॅकरेलचे असतात. ती जात वेगळी. आपला बांगडा सहसा तितका चरबीदार नसतो.

मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो, हेही भावाच्या फळ्यावर लिहिलेलं नसतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी केलेल्या यादीत किंग मॅकरेल, म्हणजे सुरमईची अटलांटिकातली बहीण, ‘टाळा’ या रकान्यात आहे. सार्डिन, म्हणजे तारलीची जमात, ‘उत्तम’ या रकान्यात. शार्कही ‘टाळा’मध्येच आहे, आणि आपल्याकडे दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला आवर्जून मोरी, म्हणजे शार्कच, खाऊ घालतात.

राहिलेले किरकोळ. हलव्याला ‘काळं पापलेट’ म्हणतात, पण तो पापलेटाच्या कुळातला नाही. मेनूकार्डावर ‘इंडियन सॅमन’ होणाऱ्या रावसाचं सॅमनशी काही नातं नाही. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड येत नाही. कोडात शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्वचेतल्या रंगपेशींवर उलटते, आणि बंगाल्यांचा दही-मासा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. सुका बोंबील म्हणजे शिळा मासा नव्हे. ओल्या बोंबलात बहुतेक पाणीच असतं, ते उन्हाने काढून घेतलं की प्रथिनं दाट होऊन उरतात. कल्ले लाल दिसले म्हणजे मासा ताजा, हेही पुरेसं नाही: डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, बोटाने दाबलेला खड्डा भरून यायला हवा.

आणि छोटं पापलेट कोवळं म्हणून जास्त चांगलं, असं सांगून जे विकलं जातं, ते अजून एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू असतं. राज्यात पापलेटासाठी किमान कायदेशीर लांबी १३५ मिलिमीटर आहे. ती मोजायला शाळेतली पट्टी पुरते.