इयरबडची पारख किमतीवरून नव्हे

बाहेरचा गोंगाट शमवणाऱ्या महागड्या बिनतारी इयरबडमधील सूक्ष्म मायक्रोफोन तो गोंगाट टिपतात; यंत्रणा त्याच्या नेमक्या उलट ध्वनिलहरी निर्माण करून तो क्षीण करते. विमानाच्या इंजिनाची किंवा पंख्याची सलग घरघर यामुळे बरीच कमी होते. हॉर्न वा माणसांचे बोलणे अडवण्याचे काम मात्र प्रामुख्याने इयरबडच्या सिलिकॉन टोपीचे असते. म्हणून ती कानात घट्ट बसते का, हे किमतीआधी पाहावे.

गोंगाट घटल्यास कमी आवाजातही संगीत स्पष्ट ऐकू येते व श्रवणशक्ती जपली जाते, हाच खरा लाभ होय. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांहून अधिक ऐकू नये. रस्ता ओलांडताना मात्र इयरबड काढून ठेवणेच हिताचे.