कोठार, रांग आणि नवी विद्या

आषाढी एकादशीनिमित्त आम्हांस भक्तीविषयी चार शब्द लिहावयास सांगितले जाते. यंदा आम्ही विषय घेतला आहे तो विद्यापीठांतून शिकविल्या जाणाऱ्या पुरवठासाखळी-व्यवस्थापनाचा. सणाच्या पानावर तो काहींस विसंगत वाटेल; तथापि वारकरी मुक्कामी पोहोचण्याआधी ज्यांचे ट्रक शिधा, भांडी आणि तंबू घेऊन पुढे गेलेले असतात, त्या दिंडीचालकांस तो तसा वाटणार नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, कोष्ठागाराध्यक्षाची कर्तव्ये आली आहेत. साठ्याचा अर्धा भाग जनपदाच्या आपत्काळासाठी राखावा, अर्धा वापरावा आणि नव्या धान्याने जुने बदलीत जावे, असा तेथे दंडक आहे. मात्र 'आमच्याकडे सर्व होतेच' असे म्हणून पुस्तक मिटणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. कौटिल्याने अर्धा म्हणून सांगितले. मागणीची अनिश्चितता आणि माल येण्यास लागणारा काळ मोजून तो साठा ठरवावा कसा, हे विसाव्या शतकाने शिकविले.

या विद्येच्या वर्गात एक खेळ खेळवितात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६० च्या सुमारास तो जन्मला. नाव 'बीअर गेम'. वारकऱ्याने कानांवर हात ठेवावेत असे, पण त्यात थेंबभरही मद्य नसते! किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखानदार असे चौघे ओळीने बसतात. परस्परांशी बोलावयाचे नाही. केवळ मागणीची चिठ्ठी पुढे सरकवावयाची. माल हाती येण्यास काही आठवडे लागतात. गिऱ्हाइकाची मागणी आठवड्यास ४ पेट्यांवरून ८ होते आणि तेथेच स्थिर राहते. एवढ्याने दुकानदार घाबरून जास्त मागवितो, घाऊक व्यापारी त्याहून जास्त. कारखान्यापाशी प्रथम हाहाकार आणि मागाहून न खपलेल्या मालाचे डोंगर. मनगट किंचित हलावे आणि चाबकाचे टोक कडाडावे, तसे हे होते. खेळ संपल्यावर प्रत्येक जण शेजाऱ्यास दोष देतो. वस्तुतः दोष असतो तो विलंबात आणि न बोलण्यात.

आम्हांस अधिक मोह पडला तो रांगेच्या गणिताचा. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम असा: रांगेतील माणसे म्हणजे दर मिनिटास येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचा प्रतीक्षाकाळ. समजा, दर्शनबारीत ३६,००० भाविक आहेत, आणि मिनिटास जितके येतात तितकेच, म्हणजे ३०, चरणांवर माथा टेकून बाहेर पडतात. तर शेवटच्या माणसास १,२०० मिनिटे, म्हणजे २० तास, उभे राहणे आले. मंडप दुप्पट बांधला तरी चरणांपाशी वेग तोच असेल, तर प्रतीक्षा तिळमात्र घटत नाही. सावली तेवढी मिळते, आणि तीही थोडी नव्हे. वेग वाढवावा, तर मुळातच दोन सेकंदांची असलेली भेट आणखी आखूड होते. उरतो मार्ग वेळ नेमून देण्याचा: म्हातारीने बारीत नव्हे, चंद्रभागेच्या वाळवंटात भजन करीत वाट पाहावी. विठ्ठलाने विटेवर उभे राहावे, भक्ताने इतके का उभे राहावे?

मुंबईत पवईजवळ १९६३ साली स्थापन झालेली नीटी ही संस्था याच विषयांसाठी नावाजलेली. २०२३ मध्ये ती आयआयएम मुंबई झाली. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलांचे पालक आम्हांस विचारतात, "महाराज, गोदाम सांभाळायला एवढे शिकायचे?"

आम्ही त्यांस वाईजवळील मांढरदेवीची आठवण देतो. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमेची यात्रा. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, वरखाली दाटलेली गर्दी. आणि त्या चेंगराचेंगरीत जवळपास ३०० भाविक गेले. एका मिनिटात किती माणसे त्या वाटेने सुखरूप उतरू शकतात आणि किती चढत आहेत, ही मोजणी या अभ्यासक्रमाच्या आरंभीच्या पाठांतली आहे.