घरचा संगणक, स्वतःचे संकेतस्थळ

झाशीत मराठेशाहीपासून मराठी कुटुंबे वसली. तेथील एखाद्या घरातील संगणकावरून संकेतस्थळ चालवावयाचे, तर सर्व्हर सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. खरी अडचण पत्त्याची आहे. आयपी आवृत्ती ४ मध्ये सुमारे ४२९ कोटीच पत्ते असल्याने सेवापुरवठादार अनेकदा एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. घरातून गेलेल्या मागणीची नोंद राहते, म्हणून तिचे उत्तर परत येते. बाहेरून प्रथमच आलेली मागणी मात्र कोणत्या घरी पाठवावी, याची नोंदच नसते. १२८ बिटांच्या आवृत्ती ६ मध्ये ही टंचाई नाही. दूरसंचार विभागाने तिचा आराखडा २०१० मध्ये जाहीर केला. तरीही राउटरमध्ये वाट मोकळी करावी लागतेच. शिवाय वीज गेली की संकेतस्थळही गेले! '.भारत' हा देवनागरी विस्तार २०१४ पासून उपलब्ध आहे.