आगीचा धोका, हवा काढलेल्या बस आणि अठरात एक बाई

अपंगांच्या हक्कांची चळवळ म्हटलं की आपल्याकडे ३ डिसेंबरचा, जागतिक अपंग दिनाचा कार्यक्रम आठवतो: शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं लांबलेलं भाषण आणि व्यासपीठाला पाच पायऱ्या. जगभरची खरी चळवळ मात्र भलतीच भांडखोर आणि तितकीच मिश्कील आहे. ज्या कचेरीने दारातून परत पाठवलं, तिथेच काही वर्षांनी साहेब होऊन बसायचं, हा तिच्या पुढाऱ्यांचा जुना खाक्या. आणि साहेब झालेल्याला पुढच्या पिढीने सुखाने बसू द्यायचं नाही, हाही.

गाडी चालवता येत नाही? मग दाखला नाही!

कॅलिफोर्नियातल्या एड रॉबर्ट्सला चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी झालं. शाळा संपताना दाखला अडला. कारण? पीटी आणि ड्रायव्हिंग हे दोन विषय राहिले होते! आईने भांडून दाखला मिळवला. पुढे राज्याच्या पुनर्वसन खात्याने शेरा मारला, की हा नोकरीच्या लायक कधीच होणार नाही. तरी १९६२ मध्ये पठ्ठ्या बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. श्वासासाठी ‘आयर्न लंग’ नावाच्या यंत्रात झोपावं लागे आणि ते धूड होस्टेलला पेलेना, म्हणून मुक्काम विद्यापीठाच्या इस्पितळात. मागोमाग आणखी व्हीलचेअरवाली मुलं आली, टोळी जमली. टोळीने स्वतःचं नाव ठेवलं ‘रोलिंग क्वाड्स’. १९७२ मध्ये बर्कलीत अपंगांनी अपंगांसाठी चालवलेलं केंद्र उभं राहिलं आणि त्याची नक्कल पुढे देशोदेशी झाली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी रॉबर्ट्स यांना एका सरकारी खात्याचं संचालक नेमलं. कोणतं खातं, ओळखा पाहू. तेच, शेरा मारणारं.

फ्रीज नाही? एसी आहे ना!

ब्रुकलिनच्या ज्युडी ह्यूमनला पाचव्या वर्षी शाळेने घेतलं नाही. पोलिओमुळे ती व्हीलचेअरवर, आणि व्हीलचेअरमुळे म्हणे आगीचा धोका! मोठी झाल्यावर शिक्षिकेचा परवाना मागितला, तेव्हा न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळालाही नेमकी आगच आठवली. १९७० मध्ये ती कोर्टात गेली. पोलिओ झालेला माणूस अमेरिकेचा अध्यक्ष होऊ शकतो, मास्तर नाही, अशा अर्थाचा मथळा तेव्हा छापून आला; रोख अर्थातच रूझवेल्ट यांच्याकडे. मंडळाने माघार घेतली.

एप्रिल १९७७ मध्ये हीच बाई शंभराहून जास्त साथीदार घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत घुसली आणि ठिय्या देऊन बसली. भेदभावाविरुद्धचं ‘कलम ५०४’ १९७३ पासून कायद्यात होतं, फक्त त्याचे नियम सहीविना पडून होते. (हे आपल्याला समजावून सांगायला नको.) सरकारने फोन तोडले, आत अडकलेल्या कर्णबधिरांनी खिडकीत उभं राहून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप धाडले. औषधं थंड ठेवायला एसीच्या तोंडाशी खोका चिकटवून फ्रीज केला. जेवण आणलं कोणी? कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाने, रोज, गरमागरम. त्यांचा एक कार्यकर्ता ब्रॅड लोमॅक्स व्हीलचेअरवर होता आणि तो आत बसलेला. तीन आठवडे उलटले तरी कोणी हलेना. २८ एप्रिलला संबंधित मंत्र्यांनी त्या नियमांवर मुकाट्याने सही केली.

त्याच एप्रिलमध्ये, तिकडे जपानात, सेरेब्रल पाल्सी असलेल्यांच्या ‘आओई शिबा नो काई’ या संघटनेने कावासाकीत बसगाड्या अडवून धरल्या. व्हीलचेअरवाल्यांना बसमध्ये घेत नव्हते. मग बस तरी कशी जाईल?

निम्म्या खुर्च्या द्या

१९८० साली कॅनडात विनिपेगला पुनर्वसन तज्ज्ञांची जागतिक परिषद भरली. प्रतिनिधींमध्ये निम्मे अपंग असावेत, असा ठराव आला आणि पडला. अपंगांबद्दलच्या परिषदेत! चिडलेल्यांनी स्वतःचीच जागतिक संघटना काढायचं ठरवलं. १९८१ मध्ये सिंगापूरला ‘डिसेबल्ड पीपल्स इंटरनॅशनल’ उभी राहिली. पहिले अध्यक्ष सिंगापूरचे अंध नेते रॉन चंद्रन-डडली.

याच वर्षी जर्मनीत फ्रान्झ क्रिस्टोफ नावाच्या कार्यकर्त्याने थेट राष्ट्राध्यक्षांना कुबडी हाणली. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष; वर्ष अपंगांचं, भाषणं इतरांची, हा त्याचा राग. अनुकरणीय म्हणता येणार नाही, पण लक्षात राहिलं खरं.

‘आवाज? कुठला आवाज?’

वॉशिंग्टनचं गॅलॉडेट हे कर्णबधिरांचं विद्यापीठ. स्थापना १८६४ ची, पण मार्च १९८८ पर्यंत एकही कर्णबधिर अध्यक्ष नाही. तेव्हाही विश्वस्तांनी नेमल्या त्या ऐकू येणाऱ्या आणि खुणांची भाषा न येणाऱ्या बाई. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्याच बस फाटकांना आडव्या लावल्या आणि टायरमधली हवा काढून टाकली. विश्वस्तांच्या प्रमुख समजूत घालायला आल्या, तर फायर अलार्म ठणाणा वाजू लागला. एवढ्या आवाजात बोलता येत नाही, असं त्या म्हणाल्या. समोरून खुणा झाल्या: आवाज? कुठला आवाज? आठवड्याभरात नव्या बाई गेल्या, विश्वस्तांच्या प्रमुख गेल्या आणि आय. किंग जॉर्डन पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले. जगभर टाळ्या पडल्या, त्याही कर्णबधिरांच्या रीतीने, दोन्ही हात वर करून हलवायच्या.

सिनेमा असता तर इथे संपला असता. २००६ मध्ये जॉर्डन निवृत्त व्हायला निघाले आणि विश्वस्तांनी पुन्हा विद्यार्थ्यांना न रुचणारी निवड केली. या वेळी निवडलेल्या बाई स्वतः कर्णबधिर होत्या, तरी पोरं पेटली. नेमणूक कशी झाली, आम्हाला विचारलं का, हा सवाल. पुन्हा फाटकं बंद! आणि ज्यांच्यासाठी अठरा वर्षांपूर्वी टायरची हवा गेली होती, त्या जॉर्डन यांनीच पोलिसांना बोलावलं. १३० हून जास्त जणांना अटक झाली. विद्यार्थी हटले नाहीत. नेमणूक रद्द झाली. मला विचाराल तर १९८८ पेक्षा २००६ ची गोष्ट मोठी आहे. परक्याशी कोणीही भांडेल, आपल्याच हिरोला आडवं जायला जिगर लागते. २०१६ मध्ये रॉबर्टा कोर्डानो या पहिल्या कर्णबधिर महिला अध्यक्ष झाल्या.

हॉकिंग आले, उतार आले

आपल्याकडचे जावेद आबिदी स्वतः व्हीलचेअरवर. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा संसदेत रेंगाळत होता, तेव्हा ते साथीदारांसह दिल्लीत रस्त्यावर उतरले. २००१ मध्ये व्हीलचेअरवरचे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले. त्यांना कुतुबमिनार, जंतरमंतर दाखवायचं कसं? आबिदींनी नेट लावला आणि एरवी ‘शक्य नाही’ म्हणणाऱ्या पुरातत्त्व खात्याला झटपट लाकडी उतार सापडले. २०११ मध्ये आबिदी, वर सांगितलेल्या त्याच सिंगापुरी जन्माच्या संघटनेचे, जागतिक अध्यक्ष झाले. ते गेले ४ मार्च २०१८ ला. ज्युडी ह्यूमन गेल्या ४ मार्च २०२३ ला.

आणि कोल्हापूर? तिथे स्वतः व्हीलचेअरवरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ काढली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन घरोघरी आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही.

खासदार आले, आता सभागृह तोडा

युगांडाच्या संसदेत अपंगांसाठी पाच राखीव जागा आहेत. इक्वाडोरने २०१७ मध्ये व्हीलचेअरवरच्या लेनिन मोरेनो यांना राष्ट्राध्यक्ष केलं. जपानमध्ये २०१९ ला एइको किमुरा आणि यासुहिको फुनागो हे दोघे वरिष्ठ सभागृहात निवडून आले. दोघांनाही चोवीस तास मदतनीस लागतो. व्हीलचेअर मावावी म्हणून आसनं काढावी लागली. गंमत पुढेच आहे: मदतनिसाचा खर्च सरकार देत होतं, पण फक्त घरी असेपर्यंत. कामावर गेलात की अनुदान बंद! म्हणजे खासदार व्हा, पण संसदेत जाऊ नका. शेवटी तो खर्च सभागृहाने उचलला.

अठरात एक

१३ डिसेंबर २००६ ला संयुक्त राष्ट्रांनी अपंगांच्या हक्कांचा करार मंजूर केला. ३० मार्च २००७ ला सह्या खुल्या झाल्या आणि पहिल्याच दिवशी ८२ सह्या पडल्या. भारताची त्यात होती. त्यावर देखरेख करणाऱ्या समितीत अठरा सदस्य. २०१६ च्या निवडणुकीनंतर त्यात बाया किती उरल्या? एक. जर्मनीच्या थेरेसिया डेगेनर. समतेचा पहारा करणाऱ्यांच्याच घरात ही तऱ्हा! जगभरच्या अपंग बायकांनी असा काही गलका केला, की २०१८ मध्ये नऊपैकी सहा जागांवर बाया निवडून आल्या.

नवी पिढी तर थांबायलाच तयार नाही. सीरियाची नुजीन मुस्तफा सोळाव्या वर्षी व्हीलचेअरवरून युरोप ओलांडून जर्मनीला पोचली; इंग्रजी शिकली होती टीव्ही मालिका बघून. एप्रिल २०१९ मध्ये तिने सुरक्षा परिषदेसमोर भाषण केलं. तिथे बोलणारी ती पहिली अपंग व्यक्ती.

आणि न्यूझीलंडचे रॉबर्ट मार्टिन. बौद्धिक अपंगत्व म्हणून दीड वर्षाच्या पोराला संस्थेत टाकलेलं. २०१६ मध्ये ते त्याच अठरांच्या समितीवर निवडून आले. बौद्धिक अपंगत्व असलेले पहिलेच सदस्य. पुढे ‘सर’ झाले, २०२४ मध्ये गेले. कागदपत्रं सगळ्यांना कळतील अशा सोप्या भाषेत हवीत, हा त्यांचा हट्ट. मंत्रालयातला एखादा जीआर त्यांच्या हाती पडायला हवा होता.