फ्रँक की रुपये?

परदेशातला खर्च : लेखांक ७

विमानतळावरचे लाउंज आणि कार्डासोबत येणारा प्रवास विमा, असं या आठवड्याचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. मधल्या काळात नाशिकच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि सोबत ल्युसर्नमधल्या एका दुकानाच्या पावतीचा फोटो. लेखमालेचा तिसरा भाग वाचून त्यांनी मुद्दाम शून्य मार्कअपचं, म्हणजे परकीय चलनातल्या व्यवहारावर बँक वेगळं शुल्क लावत नाही असं, कार्ड काढलं, युरोपच्या ग्रुप टूरला तेच वापरलं, आणि घरी येऊन स्टेटमेंट उघडलं तर घड्याळाच्या खरेदीचा हिशेब काही केल्या जुळेना. ‘कार्ड बरोबर, दुकान बरोबर, मग पैसे गेले कुठे?’ असा त्यांचा सरळ प्रश्न आहे.

पैसे एका बटणापाशी गेले. त्या बटणाबद्दल मी अगदी शेवटच्या भागात चार ओळी लिहिणार होतो. ही पावती पाहिल्यावर मात्र त्याला अख्खा लेख द्यायचं ठरवलं. कोणतं कार्ड घ्यावं यावर आपण सहा आठवडे घालवले; त्या सगळ्यावर दोन सेकंदांत पाणी पडू शकतं.

पावती नीट बघू. वर दुकानाचं नाव, तारीख, वेळ. खाली रक्कम, २४० स्विस फ्रँक. त्याखाली बारीक अक्षरात विनिमय दर : १ फ्रँक म्हणजे ११३.४० रुपये. मग ठळक अक्षरात २७,२१६ रुपये. आणि तळाशी, भिंगाशिवाय वाचता येऊ नयेत अशा तीन ओळी. त्यांचा मथितार्थ असा, की मला चलनाची निवड देण्यात आली होती, मी स्वखुशीने रुपये निवडले आणि हा निर्णय अंतिम आहे. बाई लिहितात की निवड-बिवड कुणी विचारलीच नाही. काउंटरवरच्या मुलीने मशीन स्वतःकडे धरून काहीतरी दाबलं आणि पिन टाकायला म्हणून त्यांच्यापुढे केलं. मागे टूरमधली सात-आठ माणसं रांगेत, बाहेर टूर मॅनेजर घड्याळ बघतोय. अशा वेळी पिन टाकून माणूस मोकळा होतो.

त्या दिवशी व्हिसाचा दर होता १ फ्रँकला १०७ रुपये. त्या दराने घड्याळाचे २५,६८० रुपये झाले असते आणि शून्य मार्कअपच्या कार्डावर तेवढेच लागले असते. प्रत्यक्षात लागले २७,२१६, म्हणजे १,५३६ रुपये जास्त. जवळजवळ सहा टक्के. गोष्ट इथेच थांबत नाही. परदेशातल्या दुकानाने रुपयांत लावलेल्या व्यवहारावर आपल्याकडच्या बऱ्याच बँका साधारण एक टक्का शुल्क आकारतात, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. बाईंच्या स्टेटमेंटवर पुढच्या दोन ओळी त्याच आहेत : २७२.१६ आणि ४८.९९. शून्य मार्कअपच्या कार्डालाही हे शुल्क असू शकतं, कारण ‘शून्य’ हा शब्द परकीय चलनातल्या व्यवहाराला लागू आहे आणि कागदोपत्री हा व्यवहार रुपयांतला आहे. एकूण २७,५३७ रुपये १५ पैसे.

आता याच खरेदीला त्यांनी आपलं जुनं, साडेतीन टक्के मार्कअपचं कार्ड दिलं असतं आणि मशीनवर फ्रँक निवडले असते तर? मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी मिळून ४.१३ टक्के. म्हणजे सुमारे २६,७४० रुपये. साधं कार्ड आणि योग्य बटण हे उत्तम कार्ड आणि चुकीच्या बटणापेक्षा आठशे रुपयांनी स्वस्त पडलं असतं. हा एक हिशेब डोक्यात पक्का बसला, तर लेखमालेचे मागचे सहा भाग विसरलात तरी माझी तक्रार नाही.

या प्रकाराला धंद्यात डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, थोडक्यात डीसीसी. कार्डाचे सुरुवातीचे आकडे (आधी सहा होते, एप्रिल २०२२पासून आठ) ते कुठल्या बँकेने, कुठल्या देशात दिलं ते सांगतात. कार्ड आत सरकवलं किंवा टॅप केलं की मशीनला कळतं, गिऱ्हाईक भारतातलं आहे. लगेच पडद्यावर दोन रकमा येतात, एक तिथल्या चलनात आणि एक आपल्या. आपण तिथलं चलन निवडलं तर रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होतं. तो दर रोज त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो आणि घाऊक बाजारातल्या दराच्या अगदी जवळ असतो. रुपये निवडले तर रूपांतर दुकानदाराची बँक आणि तिने नेमलेली मधली कंपनी करते, आणि दरही तीच ठरवते. वरचा जो नफा राहतो त्यात त्या दोघांचा वाटा असतो, आणि बहुतेक वेळा दुकानदाराचाही. काउंटरवरच्या मुलीचा हात रुपयांच्या बटणाकडे का वळतो, ते यावरून कळावं.

इथे थोडं वाट सोडून जातो, कारण ही माझी आवडती गोष्ट आहे. या धंद्यातली दोन जुनी नावं आयर्लंडच्या एकाच काउंटीतली, केरीमधली. फेक्स्को ही कंपनी १९८१मध्ये सुरू झाली, ती किलॉर्गलिन नावाच्या छोट्याशा गावात. तिथून जवळच्याच किलार्नीत मोनेक्स. किलॉर्गलिनची खरी ख्याती आहे ती पक फेअर या जत्रेसाठी : ऑगस्टमध्ये डोंगरातला एक रानबोकड पकडून आणतात, त्याला मुकुट घालून राजा करतात आणि उंच मचाणावर बसवतात. केरी हा आयर्लंडचा पर्यटनाचा प्रदेश. उन्हाळ्यात अमेरिकन आणि इंग्रज पाहुण्यांनी भरून जाणारा. खिशात परका पैसा घेऊन आलेली माणसं जिथे रोज दिसतात, तिथे पैसे बदलून देण्याचा धंदा वाढला यात नवल नाही. आज ल्युसर्नच्या घड्याळवाल्याकडे किंवा बँकॉकच्या मॉलमध्ये जो प्रश्न पडद्यावर येतो, त्याच्या वंशावळीत हे बोकडाच्या जत्रेचं गाव आहे. परकीय चलनाचा विषय मला वर्षानुवर्षं सोडवत नाही तो अशा गोष्टींमुळे.

रुपयांचं आमिष सोपं आहे. परक्या देशात आठवडाभर फ्रँक, युरो, कोरुना यांची मनातल्या मनात आकडेमोड करून दमलेल्या माणसाला पडद्यावर अचानक आपले रुपये दिसतात. ‘नेमकी रक्कम आत्ताच कळेल, दर बदलण्याची भीती नाही’ असंही पडद्यावर किंवा पावतीवर लिहिलेलं असतं. ते खोटं नाही. रक्कम नेमकी कळते. फक्त ती जास्त असते.

रुपये कधीच फायद्याचे नसतात का? हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगतो. समजा तुमच्या कार्डाला साडेतीन टक्के मार्कअप आहे आणि मशीनने लावलेला दर बाजारापेक्षा अडीच टक्केच महाग आहे. मग बँकेचं एक टक्क्याचं शुल्क आणि दोन्हीकडचा जीएसटी धरूनही रुपये जेमतेम अर्ध्या टक्क्याने स्वस्त पडतील. पण असा दर क्वचित मिळतो. शिवाय काही बँका रुपयांतल्या परदेशी व्यवहारालाही पूर्ण मार्कअप लावतात, म्हणजे दोन्हीकडून फटका. काउंटरवर उभं राहून हे गणित करण्यात अर्थ नाही. तिथलं चलन निवडा आणि पुढे चला.

एटीएमवर हाच प्रश्न जास्त फसव्या वेशात येतो. (क्रेडिट कार्डावर रोख काढू नका हे दुसऱ्या भागात सांगून झालंय; व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. मी डेबिट आणि फॉरेक्स कार्डाबद्दल बोलतोय.) पडद्यावर रुपयांतली रक्कम येते आणि खाली दोन पर्याय : रूपांतर स्वीकारा, रूपांतर नाकारा. ‘नाकारा’ दाबलं तर व्यवहारच रद्द होईल, पैसे येणार नाहीत, असं बहुतेकांना वाटतं. तसं काही होत नाही. नाकारा दाबा, नोटा येतात. रूपांतर तेवढं तुमची बँक करते. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला एटीएमचं २२० बाटांच्या घरातलं शुल्क लागतं, ते मात्र वेगळं. रूपांतर नाकारून ते टळत नाही.

फॉरेक्स कार्डवाल्यांना तर दुहेरी धक्का बसतो. तुम्ही कार्डात आधीच युरो भरून घेतलेत, दरही त्याच दिवशी ठरला. पण मशीनला आत काय भरलंय ते दिसत नाही, कार्ड भारतातलं आहे एवढंच दिसतं. ते रुपये सुचवतं. तुम्ही हो म्हणालात की युरोतली किंमत मशीनच्या दराने रुपयांत जाते, आणि ते रुपये वळते करण्यासाठी बँक तुमचे युरो पुन्हा आपल्या दराने मोडते. युरो खिशात असताना युरोपात युरोच विकत घेतल्यासारखं आहे हे.

हॉटेलात सावध राहायची वेळ चेक-इनची. डिपॉझिटसाठी कार्डावर रक्कम रोखून धरतात तेव्हाच रुपयांना संमती घेतली जाते, कधी कधी सही करायच्या फॉर्ममधल्या एखाद्या कलमात. मग निघताना अंतिम बिल आपसूक रुपयांत. म्हणून चलनाचं चेक-इनलाच बोलून घ्यावं. ‘लोकल करन्सी प्लीज’ एवढे तीन शब्द दुबईपासून रेक्याविकपर्यंत सगळीकडे कळतात. आणि कार्ड देण्याआधीच म्हणावेत, नंतर नाही.

दुबईचं नाव निघालं म्हणून तिथली एक सोय सांगतो. दिरहॅम अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. डॉलरचा दर ठाऊक असेल तर दिरहॅमचा रास्त भाव उभ्या उभ्या काढता येतो आणि मशीनवर दिसणारे रुपये किती फुगलेत ते लगेच कळतं.

युरोपीय संघाने २०१९च्या एका नियमाने या रूपांतराचा अधिभार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या तुलनेत टक्क्यांमध्ये दाखवणं बंधनकारक केलं. एप्रिल २०२०पासून तो लागू आहे. तो संघातल्या आपसांतल्या व्यवहारांसाठी केलेला नियम आहे, पण मशीन तीच असल्यामुळे पॅरिस-रोममध्ये आपल्या पावतीवरही ती टक्केवारी अनेकदा छापून येते. स्वित्झर्लंड संघात नाही. बाईंच्या पावतीवर टक्केवारी नव्हती, नुसता दर होता.

घरबसल्याही हे घडतं. परदेशी हॉटेल बुकिंगची किंवा विमान कंपनीची साइट किंमत रुपयांत दाखवते, आपण निर्धास्त पैसे भरतो, आणि महिन्याअखेर स्टेटमेंटवर मार्कअपची ओळ दिसते. विक्रेत्याची नोंदणी भारताबाहेर असेल तर रुपये दिसले म्हणून व्यवहार देशी होत नाही. साइटवर चलन बदलायची सोय असेल तर तिथलं चलन निवडून शून्य मार्कअपचं कार्ड वापरावं.

उलट दिशेनेही बघा. अमेरिकेतला भाचा पुण्यात आला की इथल्या मोठ्या हॉटेलात त्याच्या कार्डाला मशीन डॉलर सुचवतं. त्याला रुपयेच निवडायला सांगा. त्याच्याकडे बहुधा परदेशी व्यवहारांचं शुल्क नसलेलं कार्ड असतं, ते इथे वाया जाऊ द्यायचं नाही.

आता बाईंनी काय करावं. दुकानातून बाहेर पडण्याआधी पावतीवर रुपये दिसले असते तर व्यवहार तिथल्या तिथे रद्द करून फ्रँकमध्ये पुन्हा करायला सांगायचं होतं. काही मिनिटांचं काम. घरी येऊन वस्तू परत पाठवण्यात शहाणपणा नाही, कारण परतावा त्या दिवशीच्या वेगळ्या दराने येतो आणि जाता-येता दोन्हीकडे कापलं जातं. पण बँकेकडे वाद नक्की नोंदवावा. चलनाची निवड कार्डधारकाने स्वतः करायची, दुकानदाराने परस्पर नाही, असा व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचाही नियम आहे. व्हिसाच्या वादांच्या यादीत १२.३ हा क्रमांक चुकीच्या चलनासाठीच आहे. बँकेला लिहिताना हा क्रमांक घालावा, पावतीचा फोटो जोडावा, आणि ‘मला पर्याय दाखवला गेला नाही’ हे स्पष्ट शब्दांत लिहावं. नुसतं ‘जास्त पैसे लागले’ असं लिहिलं तर तक्रार फॉरेक्स दराच्या कप्प्यात जाऊन पडते आणि ठरावीक उत्तर येतं. पिन टाकलेला आहे आणि पावतीवर त्या तीन ओळी आहेत, त्यामुळे दुकानदाराची बाजूही कमकुवत नाही. तरी नोंदवाच. उशीर करू नका, वादाला मुदत असते. पत्र कसं असावं याचा मसुदा मी त्यांना कळवला आहे. बँकेचं उत्तर आलं की इथे सांगेन.

गेल्या आठवड्यातल्या टीसीएसच्या, म्हणजे परदेशी खर्चावर आधीच गोळा होणाऱ्या कराच्या, भागावरही बरीच पत्रं आली आहेत. सगळ्यांना एकत्र एवढंच : २८ जून २०२३च्या निर्णयानंतर परदेशात असताना केलेला क्रेडिट कार्डाचा खर्च अजून तरी एलआरएसमध्ये (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत) धरला जात नाही, डेबिट आणि फॉरेक्स कार्डाचा धरला जातो. टीसीएसची वर्षाला १० लाखांची मर्यादा त्या दुसऱ्या गटासाठी मोजायची.

लाउंजचा भाग पुढच्या आठवड्यात. तोवर आपल्या कार्डासोबत आलेलं शुल्कपत्रक काढा आणि त्यात रुपयांतल्या परदेशी व्यवहाराची ओळ शोधून ठेवा. ती बहुधा परकीय चलन मार्कअपच्या आसपास सापडेल.