विश्लेषण : पार्सल पोहोचवणाऱ्या नवउद्यमींचा नफा अडतो कुठे?

ऑनलाइन मागवलेला तीनशे रुपयांचा कुर्ता तीन-चार दिवसांत दारात येतो. पोहोचवण्याचे वेगळे पैसेही अनेकदा लागत नाहीत. मग तो आणणारी कंपनी कमावते कशावर? २०११ मध्ये सुरू झालेली ‘डेल्हिव्हरी’ मे २०२२ मध्ये शेअर बाजारात आली. २०२२-२३ मध्ये तिला हजार कोटींहून अधिक तोटा झाला. पूर्ण वर्षाचा पहिला नफा दिसला तो २०२४-२५ मध्ये : सुमारे ८,९३२ कोटींच्या महसुलावर १६२ कोटी. म्हणजे शंभर रुपयांमागे दोन रुपयेही नाहीत.

गाडी भरली की नाही?

या धंद्याचे निम्मे उत्तर या प्रश्नात आहे. भिवंडीहून नागपूरला निघालेला ट्रक अर्धा भरलेला असो वा पूर्ण. टोल आणि चालकाचा पगार तोच, डिझेलमध्येही फार फरक नाही. येताना परतीचा माल मिळाला नाही तर जाण्यातली कमाई येण्यात जाते. शहरातही तेच. एका सोसायटीत दहा पार्सले देणारा आणि दहा गल्ल्यांत एकेक देणारा, दोघांची दुचाकी सारखीच. दर पार्सलमागचा खर्च मात्र कितीतरी वेगळा. म्हणूनच नव्या शहरांत शाखा उघडल्याच्या घोषणांपेक्षा जुन्याच मार्गांवर माल किती वाढला, हे पाहावे.

कल्पना चांगली, मग ‘रिव्हिगो’चे काय झाले?

२०१४ मध्ये आलेल्या या कंपनीने ट्रकचालकांची ‘रिले’ पद्धत आणली. चालकाने काही तास गाडी चालवायची, पुढच्या टप्प्यावर दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि दुसरी गाडी घेऊन घरी परतायचे. माल लवकर पोहोचायचा आणि चालकाला रात्री घर दिसायचे. पण त्यासाठी स्वतःच्या ट्रकांचा मोठा ताफा उभा करावा लागला. माल कमी झाला म्हणून गाडीचा हप्ता थांबत नाही. अब्ज डॉलर मूल्यांकनापर्यंत गेलेल्या या कंपनीचा एक्स्प्रेस व्यवसाय २०२२ मध्ये महिंद्रा लॉजिस्टिक्सने अवघ्या २२५ कोटींत घेण्याचे ठरवले.

‘आरटीओ’ची धास्ती कशासाठी?

इथे आरटीओ म्हणजे परिवहन कार्यालय नव्हे, तर ‘रिटर्न टू ओरिजिन’, विक्रेत्याकडे परत गेलेले पार्सल. माल हाती आल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत ग्राहक दारातूनच नकार देऊ शकतो. फोन लागत नाही, पत्त्यात नुसतेच ‘मारुती मंदिरामागे’ लिहिलेले असते. (कोणते मारुती मंदिर, हे गावालाच ठाऊक!) मग तोच माल तितकेच अंतर उलटा जातो. त्यामुळे पत्ता अचूक ओळखणारे सॉफ्टवेअर ही चैन राहत नाही, तो थेट खर्च वाचवण्याचा मार्ग ठरतो.

मोठा ग्राहक हवा, पण किती मोठा?

‘ईकॉम एक्स्प्रेस’ने ऑगस्ट २०२४ मध्ये २,६०० कोटींच्या भागविक्रीचा प्रस्ताव दाखल केला. तिच्या कामाचा मोठा हिस्सा ‘मीशो’कडून येत होता. त्याच वर्षी मीशोने ‘वाल्मो’ ही स्वतःची वाहतूक व्यवस्था पुढे आणली आणि ईकॉमच्या हातचा माल आटू लागला. भागविक्री झालीच नाही. एप्रिल २०२५ मध्ये सुमारे १,४०० कोटींत ती डेल्हिव्हरीने विकत घेण्याचे जाहीर झाले.

अर्थात, खरेदी केली म्हणजे जाळे जोडले गेले असे नाही. ‘स्पॉटऑन’ घेतल्यानंतर २०२२ मध्ये दोन्ही व्यवस्था एकत्र करताना डेल्हिव्हरीची सेवा विस्कटली होती आणि ग्राहकही दुरावले होते.

दारात येणाऱ्याचे काय?

शेवटच्या टप्प्याचा खर्च कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पार्सलमागचा दर कमी ठेवणे. तिसऱ्या मजल्यावर दार बंद निघाले तर तो फेरा बहुधा डिलिव्हरी बॉयच्याच अंगावर पडतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा गिग कामगारांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद आहे. कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्के ही तिची मर्यादा. शंभरामागे दोन रुपयेही न उरणाऱ्या धंद्यात हा पैसा विक्रेत्यांच्या दरात जातो, कंपनीच्या नफ्यातून येतो की पुन्हा त्याच डिलिव्हरी बॉयच्या पार्सलमागच्या दरातून कापला जातो, हे येत्या ताळेबंदांत दिसेल.