जहाज बुडते ते कशाने?

संगणकावरील सागरी युद्धाचे खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी खेळले असतील. साध्या खेळात प्रत्येक जहाजाला ठरावीक गुण दिलेले असतात. तोफगोळा लागला की गुण वजा होतात आणि ते संपले की जहाज बुडते. २००५ साली निघालेल्या ‘सायलेंट हंटर ३’ या पाणबुडीच्या खेळाची रीतही बव्हंशी अशीच होती. काही हौशी खेळाडूंना ती पटेना. त्यांनी खेळात फेरफार करून, जहाजे आत शिरणाऱ्या पाण्यानेच बुडावीत अशी योजना केली. खरा समुद्रही असाच वागतो.

जहाजावर दोन बले सदैव कार्य करीत असतात. जहाजाचे वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते. बाजूला सारलेले पाणी त्याला तितक्याच जोराने वर उचलते. जहाज कलले की पाण्याखालील भागाचा आकार बदलतो आणि वर उचलणारे बल कललेल्या बाजूकडे सरकते. वजन खाली असेल तर हेच बल जहाजाला पुन्हा सरळ करते. वजन फार उंचावर असेल तर मात्र ते कललेल्या बाजूला अधिक झुकते आणि जहाज उलटते.

स्वीडनच्या ‘वासा’ या युद्धनौकेचे असेच झाले. राजा गुस्ताव्ह अडॉल्फ याच्या आज्ञेने बांधलेल्या या नौकेवर ६४ तोफा होत्या. परीक्षेसाठी ३० माणसांना एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावावयास लावले, तेव्हा तीन फेऱ्यांतच ती इतकी डोलू लागली की परीक्षा थांबवावी लागली. तरीही १० ऑगस्ट १६२८ रोजी तिने स्टॉकहोमहून प्रस्थान ठेवले. सुमारे १३०० मीटर जाताच वाऱ्याच्या झोताने ती कलली, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत आले आणि ती तळाशी गेली. शत्रूचा एकही गोळा तिला लागला नव्हता. १९६१ साली ती वर काढण्यात आली.

आत शिरलेले पाणी केवळ वजन वाढवीत नाही, ते हलतेही. परातीत थोडे पाणी घेऊन चालून पाहा. परात किंचित कलताच सारे पाणी त्याच बाजूस धावते आणि ती अधिकच कलते. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरीबोट पुढील दारे उघडी असतानाच निघाली. मोटारी ठेवण्याच्या सलग मजल्यावर पाणी पसरले, बोट कलंडली आणि १९३ जणांचा अंत झाला. म्हणूनच जहाजाच्या तळभागात आडव्या भिंती घालून निरनिराळे कप्पे करतात. एका कप्प्यातील पाणी दुसऱ्यात जात नाही, त्यामुळे भोक पडलेले जहाजही तरंगत राहू शकते.

आपल्या गोमंतकात नदी ओलांडताना फेरीबोटीचा वा होडीचा प्रसंग वारंवार येतो. होडीत नावाडी “खाली बसा” म्हणतो, तेव्हा तो आपला गुरुत्वमध्यच खाली आणीत असतो. काठ जवळ येताच सर्वांनी उठून एकाच बाजूला गर्दी करणे म्हणजे ‘वासा’ची परीक्षा स्वतःवर करून पाहणे होय. घरातील लहान भावंडांना हे परातीच्या प्रयोगासह अवश्य समजावून सांगा.